शेवग्याची खुंटी

नवं दार बसवून झालं की ते हत्यारं पिशवीत भरायचे, दाराकडे पाठ करायचे आणि त्याच्या फळ्यांना आपली पाठ घासायला लागायचे. आधी वर, मग खाली, मग कमरेपासून रेटा देऊन. पासष्टीच्या पुढचा माणूस, अर्ध्या बाह्यांचा सदरा, कानावर पेन्सिल, आणि चेहऱ्यावर विशेष काही चाललं नसल्याचा भाव. दार कुरकुरलं की थांबायचे, कुठली बिजागरी बोलली ते मान वळवून बघायचे आणि म्हणायचे, "पोरं हेच करणार. आधी आपण करून बघावं."

पोरं म्हणजे घोड्यांची शिंगरं. बोम्मसंद्राचे कारखाने संपले की होसूर रस्ता सोडून आत वळायचं, तिथे आमचं स्टड फार्म. शर्यतीच्या घोड्यांची पैदास करणारं. मी तिथे सुपरवायझर आणि ते सुतार. सगळे त्यांना मेस्त्री म्हणायचे. मी अण्णा म्हणायचो, कारण आमच्या दोघांची भाषा एक होती.

शर्यतीच्या घोड्याचं शिंगरू तुम्ही जवळून पाहिलं नसेल. चित्रात दिसतं तसं ते गरीब नसतं. सहा महिन्यांचं झालं की त्याला आईपासून वेगळं करतात आणि त्याच्या वयाच्या चार-पाच जणांबरोबर कुंपण घातलेल्या कुरणात सोडतात. वर्षाचं होईपर्यंत ते अंगानं घोडा होतं आणि अकलेनं पोरच राहतं. मग दिवसभर उद्योग एकच, जे उभं आहे ते पाडायचं. खांबाला ढुंगण घासायचं, वरची फळी कुरतडायची, खालच्या फळीवर पाय देऊन पलीकडच्या माद्यांकडे बघायचं, ओठांनी कडी उचलायची. एक जण कडी उचलायला शिकला की आठवड्यात पाचही जण शिकलेले असतात. माझ्या सगळ्या शिक्षणात मी इतक्या चटकन काही शिकल्याचं मला आठवत नाही.

अण्णांचा या सगळ्याला मुळीच विरोध नव्हता. मोडलेल्या फळीपुढे उकिडवे बसून ते दातांच्या खुणांवरून बोट फिरवायचे आणि हे कोणाचं काम ते सांगायचे. ओळख बहुतेक बरोबर निघायची. मी चिडलो की म्हणायचे, "सुम्ने ओरडू नको रे. ती मोडतात म्हणून आपल्याला भात मिळतो."

आमची ओळख झाली ती फोनमुळे. मी पुण्याचा. बायकोला महादेवपुऱ्यात आयटीत नोकरी लागली, तिच्यामागे मी बेंगळुरूला आलो आणि दुधाच्या डेअरीतल्या अनुभवावर घोड्यांच्या फार्मवर लागलो. गाय आणि घोडा यांत काय फरक आहे हे मला पहिल्या आठवड्यात एका लाथेनं समजावलं. त्या आठवड्यात मी कुंपणाशी उभा राहून आईशी फोनवर बोलत होतो. सगळं मजेत आहे, असं तिला सांगत होतो. मागून आवाज आला, "आईशी खोटं बोलतोस होय?" वळून बघितलं तर कन्नडमध्ये हुकूम सोडताना रोज दिसणारा सुतार मराठीत हसत होता.

त्यांचं घराणं किती पिढ्यांपूर्वी इकडे आलं ते त्यांना ठाऊक नव्हतं. घर शिवाजीनगरला, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत. तिथून दोन बसगाड्या बदलून ते फार्मवर यायचे. महाराष्ट्र त्यांनी पाहिला नव्हता आणि पाहायची घाईही नव्हती. त्यांच्या मराठीत स्वल्प, सरी, सुम्ने, म्हणजे थोडं, बरं, उगाच, हे कन्नड शब्द मुक्कामाला असायचे, आणि माझ्या मराठीला ते हसायचे. "तुझं मराठी पेपरातलं. इस्त्री केलेलं," म्हणायचे. चहाच्या सुटीत आम्ही दोघं निलगिरीच्या ओंडक्यावर बसायचो. ते पटाशीनं कसल्याशा बोटाएवढ्या खुंट्या तासत राहायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्या हाताला चाळा आहे. दिवसभर कन्नड आणि हिंदीत कसंबसं निभावून नेल्यावर ती पंधरा मिनिटं मला घरी गेल्यासारखी वाटायची. बायको रात्री थकून यायची आणि तिच्या तोंडून तोवर निम्मं इंग्रजी यायचं. तेव्हा खरं सांगायचं तर माझं मराठी त्या ओंडक्यावरच शिल्लक होतं.

त्यांच्या कामाची रीत मी हळूहळू शिकलो. फळ्या नेहमी खांबाच्या आतल्या अंगाला, घोड्यांच्या बाजूला. म्हणजे घोडा रेलला की फळी खांबावर दाबली जाते, बाहेरून मारली तर खिळे उपसून येतात. कुरणाचा कोपरा काटकोनात ठेवायचा नाही, आडव्या फळ्या टाकून तो बोथट करायचा, कारण शिंगरं घोळक्यानं धावत येतात आणि पुढच्याला वळायला जागा लागते. कडी दोन ठिकाणी, एक वर आणि एक गुडघ्याखाली, जिथे ओठ पोचला तरी जोर लागत नाही.

कुरतडण्यावरचा त्यांचा उपाय मात्र फसला. त्यांनी घरून हिरव्या मिरचीचा ठेचा करून आणला आणि वरच्या फळ्यांना चोपडला. चार शिंगरांनी नाक मुरडलं. पाचव्यानं चाटून बघितलं, डोळ्यांतून पाणी काढलं, फुरफुरलं आणि परत चाटलं. आठ दिवसांत ते ठेच्याची वाट बघायला लागलं. अण्णांनी बायकोला जाऊन सांगितलं की तुझ्या हाताला गिऱ्हाईक मिळालं. बाई दोन दिवस बोलल्या नाहीत, असं तेच सांगायचे.

हे पाचवं शिंगरू तांबूस रंगाचं होतं, मागच्या एका पायात पांढरा मोजा. मालकांचा त्याच्यावर फार जीव होता. त्याचा बाप मोठी शर्यत जिंकलेला. मालक शहरात राहायचे, रविवारी यायचे, आणि याच्याच कुरणापाशी सगळ्यात जास्त वेळ उभे राहायचे. त्याला आणखी एक खोड होती. दाण्याची वेळ झाली की ते दारापाशी येऊन पुढच्या पायानं फळ्यांवर थापा मारायचं. मोतद्दार दाणा घेऊन पोचेपर्यंत दार वाजत राहायचं.

आता माझी शिस्त सांगतो. फार्मवर काहीही मोडलं की मी त्याचा फोटो काढायचो आणि मोबाइलवरच्या ग्रुपवर टाकायचो. त्या ग्रुपवर मालकही होते. एका दुपारी मी तीन-चार महिन्यांचे फोटो मागे सरकवत गेलो आणि एक गोष्ट लक्षात आली. दार कुठलंही असो, निखळलेली फळी एकच होती. खालून दुसरी. बाकीच्या फळ्या कुरतडलेल्या, ओरबाडलेल्या, पण जागच्या जागी. दुसरी तेवढी एका टोकानं खाली आलेली. मी हे शोध लावल्याच्या आनंदात ग्रुपवर लिहिलं. मालकांचं उत्तर आलं की मेस्त्रींचा हात आता कापायला लागला असावा, आपण लोखंडी पाइपची दारं करून घेऊ.

फोटो मी टाकले होते, शोधही मीच लावला होता, आणि त्यातून निघालं हे. अण्णांना विचारावं असं दोनदा मनात आलं. पण तुमचं काम कच्चं होतंय हे त्यांना तोंडावर कसं सांगायचं? त्याच सुमारास ते भाचीच्या लग्नाला आठ दिवस तंजावरला गेले. मी ठरवलं की त्यांच्या माघारी गुपचूप काम उरकून टाकायचं. फळी निखळायची थांबली की मालकांचं बोलणंही थांबेल, आणि म्हाताऱ्याला काही कळायचंही नाही. बोम्मसंद्राच्या हार्डवेअरच्या दुकानातून मी बोल्ट आणले आणि चार दारांच्या दुसऱ्या फळ्या दोन्ही टोकांना आरपार आवळून टाकल्या. प्रत्येक जुन्या खाचेत एक तासलेली लाकडी खुंटी होती, ती काढून फेकली. मला तेव्हा स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं, हेही लिहून ठेवतो.

अण्णा परत यायच्या दिवशी सकाळी, दाण्याच्या वेळेला, ते तांबूस शिंगरू दारावर थापा मारत होतं. एक थाप दुसऱ्या फळीच्या वरच्या फटीत गेली. पाय गुडघ्याच्या वरपर्यंत बाहेर आला. घोडा अडकला की मागे ओढतो, विचार करत नाही. त्यानं ओढलं. फळी हलली नाही. मग ते अंग टाकून ओढायला लागलं.

मोतद्दारानं त्याच्या मानेला मिठी मारली होती. मी पाना घेऊन नट सोडवायला बसलो, पण फळीवर इतका ताण होता की नट फिरेना. माझे हात कापत होते, अण्णांचे नव्हे. तेवढ्यात ते फाटकातून आले. हातात लग्नातल्या लाडवांची पिशवी. ती त्यांनी खांबाला अडकवली, गोणपाटानं शिंगराचे डोळे झाकायला मोतद्दाराला सांगितलं, शेडमधून करवत आणली आणि पायापासून वीतभर अंतरावर फळी कापायला घेतली. घाई केली नाही. प्रत्येक ओढीला शिंगरू थरथरत होतं आणि ते त्याच्याशी कन्नडमध्ये हळू बोलत होते, जसे एरवी घोड्यांशी बोलायचे. फळी तुटली तेव्हा शिंगरू तीन पायांवर उभं राहिलं. चौथा त्यानं टेकवला नाही.

डॉक्टर आले. हाड शाबूत होतं, पण गुडघ्यामागची शीर कायमची गेली होती. चालेल, जगेल, धावणार नाही, असं त्यांनी सांगितलं. शर्यतीच्या घोड्याबद्दल याहून जास्त काही बोलायचं नसतं.

डॉक्टर गेल्यावर अण्णांनी कापलेल्या फळीचा तुकडा उचलला आणि बोल्टवर अंगठा ठेवला.

"हे कोणी मारलं?"

"मी," मी म्हणालो.

त्यांनी खिशातून एक खुंटी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. चहाच्या वेळी तासायचे त्यांतली. इतकी हलकी की हातात काही आहे असं वाटेना.

"शेवग्याची आहे," ते म्हणाले. "मोडायलाच ठेवलेली."

शेवग्याच्या झाडावर पोरांना कोणी चढू देत नाही, फांदी कधी मोडेल सांगता येत नाही म्हणून. त्याच लाकडाच्या खुंट्या करून ते प्रत्येक दाराची खालून दुसरी फळी नुसती खाचेत बसवायचे आणि एका खुंटीवर अडकवायचे. घोडा रेलला तर फळी खांबावर दाबली जायची, खुंटीला धक्का लागायचा नाही. पण पाय अडकून मागे ओढला गेला की खुंटी तुटायची, फळी पडायची, पाय सुटायचा. मग अण्णा पाच मिनिटांत नवी खुंटी बसवायचे. मी ग्रुपवर टाकलेला प्रत्येक फोटो हा एका वाचलेल्या पायाचा फोटो होता.

त्या दिवशी मी मालकांना फोन करून सगळं सांगितलं. बोल्ट मी मारले, मेस्त्रींचा दोष नाही, हे दोनदा सांगितलं. ते रागावले आणि शेवटी म्हणाले की लाकडाचीच भानगड नको, आपण दारं बदलून टाकू. माझी नोकरी राहिली. तांबूस शिंगराला विकायचं नाही, हे मात्र त्यांनी मान्य केलं. आईपासून तोडलेल्या लहान शिंगरांत एखादा शांत मोठा घोडा ठेवतात, त्या कामाला ते राहिलं. वर्ष-दीड वर्षाच्या वयात त्याला वडीलधारं व्हावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अण्णांकडे गेलो. रात्रभर मनात जुळवलेलं बोललो. माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतलं, करवतीला कानस लावत राहिले आणि म्हणाले, "आयतु सार."

झालं साहेब, असा त्याचा अर्थ. मला पहिल्यांदा वाटलं, चुकून कन्नड आलं तोंडात. चुकून आलं नव्हतं. त्या दिवसापासून ते माझ्याशी एक शब्द मराठीत बोलले नाहीत. राग दाखवला नाही, काम अडवलं नाही, तोंड फिरवलं नाही. खिळे हवेत, दार झालं, उद्या येणार नाही, सगळं कन्नडमध्ये आणि आदरानं. ज्या माणसानं मला आईशी खोटं बोलताना पकडलं होतं तो मला सार म्हणायला लागला. मी मराठीत विचारायचो, ते कन्नडमध्ये उत्तर द्यायचे. मोतद्दाराला त्यात काही वावगं दिसलं नाही. माझं कन्नड त्या वर्षात चांगलं सुधारलं.

चहाला ते ओंडक्यावर बसायचेच, पण मी गेलो की दोन मिनिटांत उठायचे. मीही मग जायचं सोडलं. त्यांचं वागणं मला अन्यायाचं वाटायचं. चूक झाली, कबूल केली, मालकांना सांगितली, आणखी काय करायचं असतं माणसानं? घरी बायकोपुढे मी एकदा हे बोललो, तर ती म्हणाली की म्हातारी माणसं हट्टी असतात, सोड. मी सोडलं नाही, नुसतं बोलायचं थांबवलं.

सहा-सात महिन्यांनी पाइपची दारं आली. त्यांना खालून वरपर्यंत बारीक जाळी आहे, पाय जाऊच शकत नाही. चांगली आहेत, खोटं कशाला सांगू. कुंपणंही टप्प्याटप्प्यानं बदलली आणि सुताराचं काम संपलं. मालकांनी त्यांना शाल घालून निरोप द्यायचं ठरवलं. अण्णांनी शाल घेतली, नारळ घेतला, भाषण करायला नाही म्हणाले.

त्या दुपारी जेवणाच्या सुटीत सगळे शेडमध्ये होते. मी त्यांना शोधत मागच्या कुरणाकडे गेलो. त्यांची हत्यारं अजून स्टोअरमध्ये होती, ती घरी न्यायची का ते विचारायला. गवताच्या गंजीच्या अलीकडे मला त्यांचा आवाज ऐकू आला आणि मी थांबलो, कारण ते मराठीत बोलत होते.

पलीकडे ते आणि तो तांबूस घोडा. तो कुंपणावरून मान काढून उभा होता आणि अण्णा त्याच्या कपाळावर हात ठेवून बोलत होते, अगदी रोजचं बोलतात तसं. बायकोचे गुडघे दुखतात, धाकटा मुलगा बोलावतोय पण त्याचं घर चौथ्या मजल्यावर. माझ्या लक्षात आलं की ही आजची गोष्ट नाही. मला देत नव्हते ते सगळं मराठी ते इतके महिने याला देत होते. मला क्षणभर त्या घोड्याचा हेवा वाटला. मग ते म्हणाले,

"तुझा पाय माझ्यामुळे गेला, राजा. त्याला काय माहीत खुंटी कसली ते? मी कधी सांगितलं नाही. माझी करामत म्हणून झाकून ठेवली. तो बिचारा माझं नाव राखायला गेला. आता कुठल्या तोंडानं बोलू त्याच्याशी?"

मी तिथेच उभा राहिलो. दहा पावलांचं अंतर होतं. जावं, समोर उभं राहावं, अण्णा म्हणून हाक मारावी, एवढंच करायचं होतं. पण चोरून ऐकणाऱ्या माणसानं कसं जायचं? त्यांचं बोलून होऊ दे, मग जाऊ, असं मी स्वतःला सांगितलं. तेवढ्यात शेडमधून कोणीतरी मेस्त्रींना हाक मारली, ते निघून गेले. चारच्या बसच्या वेळी फाटकापाशी पंधरा-वीस माणसं होती. ते माझ्यापुढे आले आणि म्हणाले, "बर्तीनि सार." येतो, असं. मी मराठीत म्हणालो, "या अण्णा." त्यांनी मान हलवली. मला वाटतं, त्यांचे ओठ हलले होते. बसचा आवाज मोठा होता.

पुढच्या रविवारी शिवाजीनगरला त्यांच्या घरी जायचं मी ठरवलं. त्या रविवारी घोडीची वीण होती, पुढच्या रविवारी आई आली. असे रविवार गेले. पाचव्या महिन्यात मोतद्दाराकडून कळलं की मेस्त्री गेले, झोपेतच गेले, आठवडा झाला. मी गेलो तेव्हा त्यांच्या पत्नी दारात बसल्या होत्या. मी कोण ते सांगताच म्हणाल्या, "तूच होय तो? फार बोलायचे तुझ्याबद्दल. तू एक दिवस बोलायला हाक मारशील, म्हणायचे." मला तिथे बसवेना.

आता पाइपच्या दारांवर नवी शिंगरं थापा मारतात, जाळी वाजते, काही मोडत नाही. फोटो काढण्यासारखं काही उरलेलं नाही. दुपारी काम नसलं की मी मागच्या कुरणात जातो. तो तांबूस घोडा लहान शिंगरांच्या मधोमध उभा असतो, एक पाय जरा सैल सोडून. मी कुंपणाशी उभा राहून मराठीत काहीबाही बोलतो. ऊन फार आहे, आईची तब्येत बरी आहे, असलं काही. बाकीची शिंगरं गवतातून तोंड वर काढत नाहीत. तो एकटा कान उभारतो, लंगडत कुंपणापर्यंत येतो आणि माझ्या खांद्यावरून मागे बघतो, आणखी कोणी आलं आहे का ते.